पट्टीतला अर्धा रुपया

एप्रिलचा दुसरा आठवडा होता, उन्हाळ कांदा जोरात सुरू होता. सकाळी साडेनऊला पिंपळगाव बसवंतजवळच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावरून फोन आला. "ताई, पट्टीत एक रुपया कमी येतोय." तिथला हिशोब लिहिणारे दिवाणजी शांतपणे बोलत होते, पण मागे ट्रॅक्टरची घरघर आणि पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीसाठी, थांबलेल्या शेतकऱ्यांचा गलका ऐकू येत होता. एक रुपया ही रक्कम मोठी नाही. पण शेतकरी वजन, दर आणि बेरीज तोंडी करून बघतो, आणि मशीनच्या पट्टीत रुपया कमी दिसला की त्याचा पुढचा प्रश्न "मागच्या वेळी किती कमी होता?" हाच असतो. त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आमचं काम थोडक्यात असं. नाशिकला गंगापूर रोडवर दोन खोल्यांचं ऑफिस, मी आणि एक सहकारी. कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशोबपट्टीचा प्रोग्राम आम्ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय. भुईकाट्यावरचं वजन आणि लिलावातला दर घ्यायचा, हमाली, तोलाई, वाराई हे माल उतरवण्या-तोलण्याचे खर्च वजा करायचे आणि शेतकऱ्याच्या हातात मराठी पट्टी द्यायची. खळ्यावर विंडोजचा लॅपटॉप असतो, माझ्याकडे उबुंटू ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. हा फरक पुढे फार महागात पडला, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

दिवाणजींनी आकडे वाचून दाखवले. १८ क्विंटल २५ किलो, दर १,४१०. वहीत २५,७३३, आमच्या पट्टीवर २५,७३२. मग म्हणाले, "गंमत बघा, याच्या आधीच्या शेतकऱ्याचं वजन तेवढंच होतं, दर १,४३०. ती पट्टी बरोबर आली."

मी कागदावर गुणाकार केला. पहिली रक्कम २५,७३२.५०, दुसरी २६,०९७.५०. दोन्हीकडे बरोबर अर्धा रुपया. पायथॉन ३ मधलं राउंड हे पूर्णांक काढणारं फंक्शन आकडा बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम संख्येकडे जातं. २५,७३२ सम आहे म्हणून ते खाली आलं, २६,०९८ सम आहे म्हणून वर गेलं. लाखो आकड्यांची बेरीज करताना चूक एकाच बाजूला साचत जाऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि तिथे तो योग्यच आहे. खळ्यावर मात्र अर्धा रुपया वरच जातो. दुसरी पट्टी बरोबर आली ती योगायोगाने.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती: पैशांसाठी फ्लोट हा अंदाजे अपूर्णांकांचा प्रकार काढून डेसिमल हा अचूक दशांशांचा प्रकार आणायचा आणि राउंडिंग 'हाफ अप', म्हणजे अर्धा वर, असं स्पष्ट लिहायचं. मला अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. माझ्याकडे तेवीस चाचण्या होत्या, म्हणजे प्रोग्राम बरोबर उत्तर देतो का हे आपोआप तपासणारे कोडचे छोटे तुकडे. आदल्या रात्री त्या चालवूनच मी नवी आवृत्ती पाठवली होती आणि स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे पास, होतं.

त्या दिवशी दुपारी मी ते हिरवे ठिपके पहिल्यांदा मोजले. चौदा निघाले. चाचण्या चालवणारा पायटेस्ट फक्त त्याच फाइली उचलतो ज्यांचं नाव 'टेस्ट अंडरस्कोअर'ने सुरू होतं किंवा 'अंडरस्कोअर टेस्ट'ने संपतं. माझ्या एका फाइलचं नाव 'चाचणी_कपात' होतं. तिच्यातल्या नऊ चाचण्या लिहिल्या त्या दिवशी मी ती फाइल नावाने चालवली होती, म्हणून त्या चालल्या. पुढे कितीतरी आठवडे त्यांना कोणी हातही लावला नव्हता. एकही चाचणी सापडली नाही तर पायटेस्ट ५ हा एक्झिट कोड देऊन थांबतो, म्हणजे ओरडतो तरी. थोड्या सापडल्या आणि थोड्या राहिल्या तर तो गप्प बसतो, कारण राहिलेल्या त्याला माहीतच नसतात.

त्या संध्याकाळी ठरवलं की नवीन काही लिहायच्या आधी चाचण्यांची मांडणी धडपणे लावायची. त्याला मे महिन्यातल्या जवळपास सगळ्या संध्याकाळी गेल्या.

सुरुवात पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या प्रोजेक्टच्या सेटिंग फाइलपासून. पायटेस्ट ६ आल्यापासून, म्हणजे २०२० पासून, पायटेस्टच्या सेटिंग्ज या फाइलमध्ये ठेवता येतात, त्यामुळे वेगळ्या आयएनआय फाइलची गरज उरली नाही. टेस्टपाथ्स या सेटिंगमध्ये चाचण्यांचं फोल्डर नेमून दिलं. पायथॉन-फाइल्समध्ये आमचा 'चाचणी' हा उपसर्गही घातला, कारण सहकाऱ्यालाही मराठी नावं द्यायची सवय आहे आणि सवय मोडण्यापेक्षा सेटिंग बदलणं सोपं. स्ट्रिक्ट मार्कर्स चालू केलं, म्हणजे मार्करचं (चाचण्यांना लावायच्या खुणेचं) स्पेलिंग चुकलं की लगेच चूक दिसते. हे सगळं अर्ध्या तासात झालं. ही फाइल लिहिणं म्हणजेच सेटअप झाला असं मला इतके दिवस वाटायचं.

दुसऱ्या संध्याकाळी टॉक्स बसवला आणि तिथे पहिला खरा धक्का बसला. टॉक्स प्रत्येक पायथॉन आवृत्तीसाठी कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे आधीचं काहीच नसलेली वेगळी जागा, बांधतो, आपला प्रोजेक्ट पॅक करतो, ते पॅकेज त्यात इन्स्टॉल करतो आणि मग चाचण्या चालवतो. गिऱ्हाइकाकडे जे जातं तेच तपासलं जातं. माझ्या चाचण्या मात्र प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभ्या राहून शेजारच्याच फाइली इम्पोर्ट करत होत्या, इन्स्टॉल केलेल्या पॅकेजशी त्यांचा संबंधच येत नव्हता. म्हणून मी कोड 'एसआरसी' नावाच्या फोल्डरमध्ये हलवला, म्हणजे इन्स्टॉल केल्याशिवाय तो सापडूच नये. मग टॉक्स चालवला.

सगळं लाल. 'फाइल नॉट फाउंड.' पट्टीचा मराठी मजकूर ज्या टेम्प्लेटमध्ये आहे ती फाइल पॅकेजमध्ये गेलीच नव्हती. पॅकेज-डेटामध्ये, म्हणजे सोबत न्यायच्या फाइलींच्या यादीत, तिचं नाव लिहायचं राहून गेलं होतं. मग मागच्या वर्षीची एक गोष्ट आठवली: एका नव्या खळ्यावर पहिल्याच दिवशी प्रोग्राम उघडला नव्हता आणि मी पेन ड्राइव्हवरून फोल्डर कॉपी करून वेळ मारून नेली होती. तेव्हा लॅपटॉपमध्येच काहीतरी बिघाड असेल असं मी त्या व्यापाऱ्याला सांगितलं होतं. लाल ओळी बघितल्यावर त्यांना फोन करून खरं काय होतं ते सांगितलं.

कव्हरेजवर, म्हणजे चाचण्या कोडच्या किती ओळींवरून जातात या मोजमापावर, मी फार वेळ घालवला नाही. पायटेस्ट-कव्ह जोडलं, ब्रँच कव्हरेज (प्रत्येक 'जर-तर'च्या दोन्ही वाटा मोजणं) चालू केलं, टक्का खाली आला, तो किती खाली जाऊ द्यायचा ती मर्यादा लिहून ठेवली. कुठल्या ओळीकडे चाचणी फिरकलीच नाही एवढं ते बरोबर सांगतं. राउंडवाली ओळ मात्र चाचण्यांनी शेकडो वेळा ओलांडली होती, कव्हरेजच्या हिशोबी ती पूर्ण तपासलेली होती. ज्यावर अर्धा रुपया येतो असा एकही आकडा तिला कोणी दिला नव्हता.

मग गिटहब अ‍ॅक्शन्स. कोड पाठवला की चाचण्या दूरच्या यंत्रांवर आपोआप चालवणारी ही गिटहबची सोय. तिच्या वायएएमएल (सेटिंग लिहायची एक पद्धत) फाइलमध्ये पायथॉनच्या आवृत्त्यांची यादी द्यायची असते. मी ३.१० लिहिलं अवतरणचिन्हांशिवाय. वायएएमएलने तो दशांश अपूर्णांक समजून शेवटचं शून्य गाळलं आणि यंत्रणा पायथॉन ३.१ शोधत बसली. अवतरणात घातलं की काम झालं. हा खड्डा पुष्कळांनी बघितलेला आहे, तरी प्रत्येक जण एकदा त्यात पडतोच.

विंडोजचा रनर (चाचण्या चालवणारं गिटहबचं यंत्र) जोडला त्या रात्री मी दोन वाजता झोपले. उबुंटूवर हिरवं, विंडोजवर टेम्प्लेट वाचतानाच 'युनिकोड डीकोड एरर'. बाईट ८डी वाचता येत नाही, अशी तक्रार. (बाईट म्हणजे फाइलमधला साठवणीचा एक तुकडा, ८डी हा त्याचा संगणकी आकडा.) कारण शोधताना जे कळलं ते मला अजूनही सुंदर वाटतं. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे कुठले बाईट म्हणजे कुठलं अक्षर याची पद्धत, सांगितलं नाही तर पायथॉन विंडोजवर तिथलं प्रचलित कोड पेज (अक्षरांचा तक्ता) धरतो, आणि आपल्याकडच्या इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर ते सीपी १२५२ असतं. आपली फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट घेतं, आणि अक्षराचा पाय मोडणाऱ्या हलन्ताचे तीन बाईट आहेत ई०, ए५, ८डी. सीपी १२५२ मध्ये ८डी ही जागा रिकामी आहे. म्हणजे 'नाव', 'गाव', 'वजन' हे शब्द वाचताना चूक येत नाही, फक्त कचरा अक्षरं दिसतात. 'पट्टी' वाचताना मात्र 'ट्ट'मधल्या हलन्तावर प्रोग्राम कोसळतो. मराठीत जोडाक्षराशिवाय एक वाक्य लिहायचं म्हटलं तरी अवघड, म्हणून निदान ही चूक लपून राहिली नाही.

मग खळ्यावर आजवर चालत कसं होतं? माझ्याच हाताने, वर्षभरापूर्वी, त्या एका लॅपटॉपवर पायथॉनचा यूटीएफ-८ मोड चालू करणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (लॅपटॉपची एक सेटिंग) घातलं होतं आणि कुठे लिहून ठेवलं नव्हतं. आता प्रत्येक 'ओपन'मध्ये एन्कोडिंग लिहिलं. पायथॉन ३.१० पासून एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर सूचना देण्याची सोय आहे. टॉक्सच्या सेटिंगमध्ये ती चालू केली आणि पायटेस्टला सांगितलं की ही सूचना आली तर ती चूक धर. आता आमच्यापैकी कोणी विसरलं तर उबुंटूवरच लाल होतं, विंडोजपर्यंत जावं लागत नाही.

नावांचं प्रकरणही त्याच आठवड्यातलं. शेतकऱ्याचं आडनाव तपासायला मी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा साचा, वापरलं होतं, स्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं अक्षर'. चाचणीत नाव होतं कदम. पास. पॅरामेट्राइझ, म्हणजे एकच चाचणी अनेक नावांवर चालवायची सोय, वापरून आमच्या भागातली आडनावं एकाखाली एक घातली तर मोरे नापास, पगार नापास, बनकर पास, ढोकळे नापास. पायथॉनच्या री मॉड्यूलमधलं स्लॅश डब्ल्यू काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. 'कदम'मध्ये एकही मात्रा नाही म्हणून ते सुटलं. उलट अंकांच्या बाबतीत सुखद अनुभव आला: दिवाणजींनी मराठी कीबोर्डवरून १२३ टाकलं तर पायथॉनचं इंट ते सरळ समजतं, वेगळं काही करावं लागत नाही. आडनावांची ती तपासणी मी काढूनच टाकली. नाव रिकामं नको आणि त्यात अंक नकोत, एवढंच बघते. माणसाचं आडनाव कसं असावं हे ठरवणारा माझा प्रोग्राम कोण?

बोऱ्हाडे या आडनावाने मात्र अजून एक दिवस घेतला. त्यातला 'ऱ्' दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेला र आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. युनिकोडचा अशी रूपं एकसारखी करणारा एनएफसी नॉर्मलायझेशन हा नियमही त्यांना एक करत नाही. एकाच शेतकऱ्याची दोन खाती उघडलेली मला प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये सापडली. आता नाव साठवण्याआधी आम्ही दुसरी तऱ्हा पहिलीत बदलतो, आणि त्यासाठी चाचणी आहे.

या रांगेत ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं तो दोष वेळेचा होता. मी बहुतेक काम रात्री करते. बारा-साडेबाराला कोड पाठवला की गिटहबवर एक चाचणी लाल व्हायची. सकाळी तीच पुन्हा चालवली की हिरवी. तीन दिवस मी 'पुन्हा चालवा'चं बटण दाबत राहिले, आणि हे चुकीचं आहे हे दाबतानाही कळत होतं. चौथ्या दिवशी वेळा कागदावर मांडल्या. लाल झालेल्या सगळ्या रात्री बारा ते पहाटे साडेपाच यांच्यामधल्या. साडेपाच हा आकडा दिसला आणि उलगडा झाला. रनरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्या साडेपाच तास मागे. पट्टीच्या माथ्यावरची तारीख मी भारतीय वेळेने काढत होते, आणि पट्टीचा क्रमांक बनवताना मात्र यंत्राची 'आजची तारीख' घेत होते. नाशकात मध्यरात्र उलटली की दोन तारखा वेगळ्या.

खळ्यावरच्या लॅपटॉपला याने काही होत नाही, त्याचं घड्याळ इथलंच. पण आमचा सर्व्हरही यूटीसीवर आहे, आणि तिथेही तोच कोड क्रमांक बनवतो. क्रमांकात आर्थिक वर्ष असतं. हंगामात रात्री उशिरापर्यंत नोंदी चालतात. १ एप्रिलच्या पहाटे सर्व्हरने बनवलेला क्रमांक सरळ मागच्या वर्षात गेला असता. बटण दाबून दाबून मी जिला गप्प करत होते ती चाचणी खरं बोलत होती.

आता तारीख बनवणारं एकच फंक्शन आहे, 'आता' किती वाजले हे त्याला बाहेरून द्यावं लागतं, आणि ३१ मार्चची रात्र व १ एप्रिलची पहाट या दोन्ही वेळा चाचणीत कायमच्या लिहिलेल्या आहेत. हे केल्यावर लगेच विंडोज रनर पुन्हा पडला, कारण पायथॉनच्या झोनइन्फोला टाइमझोनची माहिती लागते आणि विंडोज ती त्याला हव्या त्या रूपात देत नाही. टीझेडडेटा हे पॅकेज अवलंबित्वांत (प्रोग्रामसोबत आपोआप बसणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) घातलं. पाच मिनिटं.

एव्हाना एक सवय लागली होती, ती अजून आहे. नवी चाचणी हिरवी झाली की मी लगेच कोड मुद्दाम बिघडवते. हाफ अप काढून टाकते, टेम्प्लेटचं नाव बदलते, तारीख एक दिवस पुढे करते. ती लाल झाली तरच ठेवते. कधी कधी होत नाही, आणि मग ती चाचणी कशाकडे बघत होती हे शोधण्यात संध्याकाळ जाते. सहकाऱ्याला सुरुवातीला हे वेळखाऊ वाटलं. एकदा त्याची स्वतःची एक चाचणी सगळा हिशोब काढून टाकला तरी हिरवी राहिली, तेव्हापासून तोही करतो.

मेच्या शेवटी मी खळ्यावर गेले. ऊन असं की पत्र्याखाली पंखा गरम हवाच फेकत होता. निवडणाऱ्या बायका पाटी-पाटीने कांदा वेगळा करत होत्या, सालीचा भुगा हवेत उडत होता. मला दिवाणजींच्या जुन्या वह्या हव्या होत्या. अंदाजाने बनवलेल्या आकड्यांवर माझा विश्वास उरला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून चाळीस पट्ट्या निवडल्या. मी म्हणत होते "कुठलीही द्या", पण ते निवडून देत होते. "ही घ्या, यात वजन दोनदा झालं होतं. ही घ्या, यात ओला माल निघाला आणि दर तुटला होता." वीस वर्षं पट्ट्या लिहिणाऱ्या माणसाला कुठे चूक होते हे पाठ असतं.

चाचण्यांची नावं मी मराठीत ठेवली होती. पायथॉनमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं, पायटेस्टला सुरुवातीची 'टेस्ट' ही रोमन अक्षरं दिसली की पुरे. फक्त तो 'ऱ्' इथेही खरा टाइप करावा लागतो, न दिसणारं जोडचिन्ह असलेलं नाव पायथॉन स्वीकारत नाही. पॅरामेट्राइझमधली मराठी नावं मात्र पायटेस्ट मुळात एस्केप करून छापतो, उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे. ते थांबवायचा एक पर्याय आहे. त्याचं नाव एवढं लांब आहे की त्यातच बजावलंय, एस्केपिंग बंद करा आणि समुदायाच्या मदतीवरचे सगळे हक्क सोडा. मी सोडले. लाल ओळीत मला 'मोरे' वाचता यायला हवं.

वह्यांमधल्या नोंदी भरून झाल्यावर लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि चाचण्या चालवल्या. दिवाणजींनी चष्मा लावला आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. "अर्धा रुपया शेतकऱ्याचा. दोन वजनांची बेरीज एका पट्टीत. दर तुटल्यावर नवी रक्कम." प्रत्येक नावाशी मान हलवत होते. शेवटपर्यंत आले, पुन्हा वर गेले, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

"हे रकमेचं झालं. कपातीचं कुठंय?"

मी म्हटलं, कपातीलाही तेच आहे, अर्धा रुपया वर.

"नाही ना ताई. रकमेतला अर्धा शेतकऱ्याला द्यायचा. हमाली-तोलाईतला अर्धा सोडून द्यायचा. तोही त्याचाच."

एवढ्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. वहीत शोधलं तर पानोपानी तसंच होतं. पत्र्याखालीच बसून नवीन चाचणी लिहिली, नाव त्यांनी सांगितलं तेच दिलं: 'कपातीतला अर्धा सोडायचा'. चालवली. लाल झाली. दिवाणजी म्हणाले, "आता बरोबर दाखवतंय," आणि मी कपातीच्या ओळीत 'हाफ अप'च्या जागी 'हाफ डाउन' लिहिलं.